खिडकीच्या काचेवर आतून पाणी का येतं?

डिसेंबर लागला की साताऱ्यात संध्याकाळी सातलाच खिडक्या लागतात. यवतेश्वरच्या बाजूनं उतरणारा गार वारा नको म्हणून पडदे ओढले जातात, दाराखालच्या फटीत जुनी चादर सारली जाते. सकाळी पाहावं तर काचेवर आतल्या बाजूनं पाणी ओघळत असतं. "दव पडलंय," म्हणत आई ते फडक्यानं टिपून घ्यायची. पण दव पडतं ते बाहेरून. आतलं पाणी घरातल्याच माणसांचं असतं, रात्रभर श्वासातून आणि अंगातून निघालेलं.

हिशेब सोपा आहे. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ धरू शकते, म्हणजे अख्ख्या खोलीची ऐपत ६०० ग्रॅमच्या आतच. झोपलेलं मोठं माणूस तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतं. नवरा, बायको आणि एक मूल आठ तास झोपले की पाऊण ते एक लिटर झालंच, आणि खोलीत आधीची वाफ होतीच. हे जादा पाणी सगळ्यात गार जागा गाठतं, कारण १० अंशांची हवा जेमतेम ९ ग्रॅम वाफ धरते. आधी काच, मग बाहेरच्या भिंतीचा कोपरा, मग भिंतीला टेकवलेल्या कपाटाची पाठ. कपाटामागं वारा फिरत नाही, घरातली ऊबही पोचत नाही. म्हणून बुरशीचे काळे ठिपके आणि कुबट वास तिथूनच सुरू होतो. लोक भिंत खरवडतात, रंग देतात, वॉटरप्रूफिंग करून घेतात. भिंतीत गळती नसेल, तर पुढच्या थंडीत ठिपके पुन्हा हजर.

वाफेबरोबर कार्बन डायऑक्साइडही साठतो. बाहेरच्या हवेत त्याचं प्रमाण आज दहा लाख भागांत ४२० च्या आसपास आहे. वरच्याच खोलीत तिघं झोपले आणि फटी पक्क्या बंद असतील, तर दर तासाला त्यात ८०० ते ९०० ची भर पडते. थोडी हवा कुठून ना कुठून झिरपते, म्हणून आकडा वाढतच राहत नाही. तरी बंद खोल्यांत पहाटेपर्यंत तो २००० ते ३००० वर जातो. म्युनिकचे रसायनशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच सांगितलं होतं की राहत्या खोलीत हे प्रमाण १००० च्या वर जाऊ देऊ नये. त्यांच्या लेखी हा वायू म्हणजे खूण होती: तो वाढला म्हणजे माणसांनी सोडलेलं बाकी सगळंही हवेत वाढलं आहे. सकाळी डोकं जड वाटतं त्याचं खापर आपण थंडीवर फोडतो. एकदा बंद हवेवरही संशय घेऊन पाहावा.

यावर घरोघरी एकच उत्तर मिळतं: खिडकी उघडली की सगळी ऊब जाते. मला हा गैरसमज सर्वांत महागाचा वाटतो, म्हणून इथं थोडं थांबतो. खोलीतल्या हवेचं वजन फार तर ४० किलो. बाहेर १२ अंश आणि आत २२ असताना ही सगळी हवा बदलली, तर नव्या हवेला १० अंश तापवायला साधारण ४०० किलोज्यूल उष्णता लागते. विजेच्या भाषेत हा एका युनिटचा नववा भाग झाला. आता भिंतींचं वजन पाहा. विटांच्या चार भिंती मिळून सहज दहा-बारा टन भरतात. त्या एका अंशानं गार व्हायच्या तर सुमारे दहा हजार किलोज्यूल बाहेर पडावे लागतील, आणि दहा मिनिटांत तेवढे जात नाहीत. खिडकी लावली की भिंती, जमीन आणि स्लॅब मिळून नव्या हवेला पुन्हा ऊब देतात.

जर्मनीत याची सवयच आहे. तिकडे बाहेर बर्फ असतानाही समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडतात आणि मग घट्ट लावतात, दिवसातून दोन-चार वेळा. खिडकी रात्रभर बोटभर किलकिली ठेवणं तिथं वाईट समजतात, कारण त्यानं हवा पुरेशी बदलत नाही आणि खिडकीभोवतीची भिंत मात्र तासन्‌तास गार पडत राहते. जिथं पारा उणे वीसच्या खाली जातो तिथं आणखी एक युक्ती वापरतात. बाहेर जाणारी उबदार हवा आणि आत येणारी गार हवा पातळ पडद्यांच्या दोन बाजूंनी वाहू देतात. हवा मिसळत नाही, उष्णता तेवढी हस्तांतरित होते. कॅनडात रेजायना इथं १९७७ मध्ये उभारलेल्या प्रायोगिक घरात अशी यंत्रणा होती. चांगल्या यंत्रात तीन चतुर्थांशाहून जास्त उष्णता परत मिळते. आपल्याला तिची गरज नाही. आतबाहेर दहा अंशांचा फरक असताना खिडकीच पुरते.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिमकण दिसतात त्या दिवसांतही हे लागू पडतं. धुकं असताना खिडकी उघडली तर ओल आत येईल असं वाटतं. पण ८ अंशांच्या दाट धुक्याच्या हवेत घनमीटरमागे वाफ असते जेमतेम ८ ग्रॅम. तीच हवा घरात २० अंशांना आली की तिची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे मावू शकेल त्या वाफेतला प्रत्यक्ष भरलेला वाटा, पन्नास टक्क्यांच्या आत येते. घर कोरडं करायला थंडीसारखा ऋतू नाही. जुलैत मात्र बाहेरचीच हवा वाफेनं काठोकाठ भरलेली असते. तेव्हा खिडकी उघडून कपडे वाळत नाहीत, हे महाबळेश्वरकरांना सांगायला नको.

याच डोंगरावर, पाचगणीत, डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम सुरू केलं. तेव्हा क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन हे औषध नव्हतं. विश्रांती, सकस अन्न आणि मोकळी गार हवा हाच उपचार. हवेनं क्षय बरा होत नाही, पण खोकल्यातून उडणारे जंतू वाहत्या हवेत विरळ होतात. कोंडलेल्या खोलीत ते तरंगत राहतात.

आता जिवावर बेतणारी गोष्ट. दार लावून शेगडीत निखारे ठेवून झोपू नका. धूर संपला म्हणजे धोका संपला, असं मुळीच नाही. लालबुंद निखाऱ्यांतूनच कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोरानं चिकटतो, आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. बंद बाथरूममधला गॅस गीझर त्याच जातीचा. एक्झॉस्ट फॅन बसवून भागत नाही, कारण फॅनला बाहेर टाकायला हवा आत यायलाही वाट लागते. सगळं बंद असेल तर तो गीझरच्या धुराड्यातूनच विषारी वायू उलटा आत ओढू शकतो. गीझर बाथरूमच्या बाहेर लावणंच बरं.

कौलारू घरात हे प्रश्न कमी होते. उबदार हवा वर चढून कौलांच्या फटींतून निघून जायची आणि दारांच्या खालून नवी यायची. आतबाहेर फरक जितका जास्त, तितका हा ओढा जोरात. चुलीच्या धुरानं डोळे चुरचुरायचे, ते सुख नव्हतंच. पण स्लॅब घालताना आपण फटी बुजवल्या आणि दारावरचे झरोकेही सोडून दिले. नवं घर बांधणाऱ्यानं प्रत्येक खोलीत छताजवळ जाळीचा झरोका अवश्य ठेवावा. सरकत्या खिडक्या निम्म्याच उघडतात, हेही आधीच लक्षात घ्यावं.

खिडकी कधी उघडायची, एवढंच राहिलं. थंडीत रात्री गार हवा डोंगरउतारावरून खाली येऊन खोऱ्यात साचते आणि वरची उबदार हवा झाकणासारखी बसते. कृष्णाकाठी, कराडपासून सांगलीपर्यंत, ऊसतोडीच्या दिवसांत कुठं पाचट पेटवलं असेल तर तो धूर सकाळी गावावरच रेंगाळतो. उन्हं वर आली, जमीन तापली की तो उचलला जातो. म्हणून नऊ-दहाच्या सुमारास समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटं उघडा, संध्याकाळच्या स्वयंपाकानंतर धूर नसेल तर पुन्हा एकदा. आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढून ठेवा.