बेंच ड्रिल की लेथचा टेलस्टॉक: भोक नेमकं कुठे पाडायचं?

13 मिमीचा ड्रिल चक (बिट धरणारा जबडा) सुटा हातात दिला, तर तो बेंच ड्रिलचा की लेथच्या टेलस्टॉकचा (लेथच्या टोकाच्या सरकत्या भागाचा), हे बघून सांगता येत नाही. त्यामुळे कातारकामाला नव्याने लागलेल्यांचा एक समज होतो: भोक ते भोक, दोन्हींतलं एक घेतलं की झालं. पण बेंच ड्रिलवर लाकूड स्थिर असतं आणि बिट फिरतं. लेथवर लाकूड फिरतं, बिट न फिरता नुसतं पुढे सरकतं. एवढ्या फरकामुळे दोन्हींच्या चुका वेगळ्या निघतात.

बेंच ड्रिलचं टेबल एका अंशाने कललं असेल, तर 60 मिमी खोल जाईपर्यंत भोक साधारण 1 मिमी बाजूला सरकतं. भोक मापात बसतं, पण तिरपं होतं. लेथवर टेलस्टॉकची रेषा हुकली तर लाकूड फिरत असल्यामुळे भोक तिरपं जात नाही, मोठं होतं. 7 मिमीचं बिट तोंडाशी साडेसातचं भोक करून ठेवतं आणि नळी आत खुळखुळते.

म्हणून आधी विचारायचं ते मशीनबद्दल नाही, कामाबद्दल: आधी भोक की आधी आकार?

आधी भोक असेल तर बेंच ड्रिल. लाकडी पेनचं उदाहरण घ्या. 19 मिमी चौरस तुकडा व्हाइसमध्ये उभा धरून 7 मिमीचं भोक पाडतात, पितळी नळी चिकटवतात आणि मँड्रेलवर (लेथवर बसणाऱ्या बारीक दांड्यावर) चढवून बाहेरून कातायला घेतात. भोक थोडं तिरपं असलं तरी कातताना तेच भोक मध्य ठरतं. लाकूड एका बाजूने जास्त जातं, इतकंच. तुकडा नळीपेक्षा 6 मिमी लांब ठेवा आणि बिट आरपार नेऊ नका. शेवटचा भाग नंतर कापून टाकला की भोक मोकळं होतं आणि तोंडाशी लाकूड फुटत नाही. दर 10 मिमीला बिट बाहेर काढून भुसा झाडा. शिसवीसारख्या तेलकट लाकडात भुसा बिटाच्या खाचेत घट्ट बसतो, बिट तापतं आणि तुकडा उभा चिरतो. लहान बेंच ड्रिलचा दांडा बहुधा 50 मिमीच्या आसपासच खाली येतो. त्याहून खोल जायचं तर बिट भोकातच ठेवून, मशीन बंद करून, टेबल वर घ्यावं लागतं.

पांगुळगाड्याच्या चाकांचंही तसंच. आधी 10 मिमीचं भोक, खाली भंगार फळी ठेवून, म्हणजे मागची बाजू फाटत नाही. मग त्यातून बोल्ट आवळून तो लेथच्या चकात धरायचा आणि चाकाची कड कातायची. चाक डुगडुगत नाही.

उलट मिरीदाणी, फुलदाणी किंवा दिव्याची बैठक यांना भोक बाहेरच्या गोलाईच्या बरोबर मध्यावर लागतं, ते लेथवरच नीट जमतं. आधी लाकूड गोल करून लेथच्या चकात पकडा, तोंड सपाट कातून घ्या, स्क्यूच्या (तिरक्या धारेच्या पटाशीच्या) टोकाने मध्यावर छोटी खळी करा. खळी नसेल तर बिट सुरुवातीलाच भटकतं. 25 मिमीच्या फोर्स्टनर बिटाला (सपाट तळाचं रुंद भोक पाडणाऱ्या) मिनिटाला 500 ते 600 फेरे पुरतात, 40 मिमीला 300 ते 400. धूर दिसला तर वेग जास्त आहे किंवा बिट बोथट आहे. सागवान धार लवकर खातं, त्यामुळे बहुधा बोथट बिटच कारण निघतं.

खरा घोटाळा बिट मागे घेताना होतो. आत जाताना दाबामुळे आर्बर (ड्रिल चकला टेलस्टॉकशी जोडणारा दांडा) टेपरमध्ये, म्हणजे टेलस्टॉकच्या निमुळत्या भोकात, घट्ट राहतो. मागे येताना बिट अडकलं की तो निसटतो आणि अख्खा ड्रिल चक लाकडाबरोबर फिरू लागतो. म्हणून मागे घेताना डाव्या हाताने ड्रिल चक धरून ठेवायचा. हातमोजे मात्र घालायचे नाहीत.

एक गोष्ट दोन्हींना लागू: ओल्या लाकडात पाडलेलं गोल भोक वाळल्यावर लंबगोल होतं. बेळगावजवळच्या खानापूर भागातल्या पावसाळी हवेत ठेवलेलं लाकूड वरून कोरडं वाटलं तरी आत ओल असते. अशा लाकडात नळी किंवा बेअरिंग बसवायचं असेल, तर आधी लहान भोक पाडून लाकूड वाळू द्यावं आणि नंतर माप धरावं.

लेथ आधीच असेल तर सुरुवात आर्बर-चकनेच करावी, हे आमचं मत. बहुतेक लहान लेथना मोर्स टेपर (निमुळत्या टोकाचं ठरलेलं माप) 2 लागतो, अगदी छोट्यांना 1. खरेदीआधी टेलस्टॉकचं तोंड मोजा: 2 नंबरच्या टेपरची जाड बाजू सुमारे 17.8 मिमी, 1 नंबरची 12 मिमी. ड्रिल चकच्या मागे बी16 टेपर (हेही एक ठरलेलं माप) असेल तर आर्बरच्या पुढच्या टोकालाही बी16 हवा.

बेंच ड्रिल जुनं मिळत असेल तर जरूर बघावं; बेळगावात उद्यमबागेसारखी कारखान्यांची वसाहत असताना नव्याचाच हट्ट कशाला? पण ते लोखंडावर चाललेलं असतं. दांडा पूर्ण खाली घेऊन चक आडवा हलवून बघा, खटका लागला तर सोडून द्या. पट्टा मोटरच्या सर्वांत लहान आणि दांड्याच्या सर्वांत मोठ्या पुलीवर टाकून सर्वांत कमी वेग किती मिळतो ते विचारा. टेबलावरचं कटिंग ऑइल धुऊन काढा, नाहीतर शिवणीसारख्या फिकट लाकडावर डाग पडतात.

पावसाळ्यात आर्बर टेलस्टॉकमध्ये तसाच ठेवू नका, टेपर गंजतो. काढून, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवा, आणि परत बसवताना ते तेल कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा. तेलकट टेपर घसरतो.