संगोपन गट आणि उपचारात्मक वर्ग: खोली सारखी दिसली तरी

शाळेतली एक लहान खोली. आत आठ-दहा मुलं आणि शिक्षिका. व्हरांड्यातून जाणाऱ्याला वाटतं, अभ्यासात मागे पडलेल्यांचा वर्ग चालू असेल. कधी तो असतोही. पण तीच खोली संगोपन गटाची, म्हणजे नर्चर ग्रुपची असेल, तर आतलं काम पार निराळं असतं. पालक पुष्कळदा दोन्ही एकच समजतात, आणि शाळेनंही तसंच समजलं की मुलाचं नुकसान होतं.

उपचारात्मक वर्गाची रीत सरळ आहे. हातच्याची वजाबाकी चुकते, जोडाक्षरं अडतात. चाचणी घेऊन नेमकं काय राहिलंय ते शोधायचं, तेवढं पुन्हा शिकवायचं, सराव करून घ्यायचा. जमलं की मूल मोकळं. हे काम मोलाचंच आहे. मात्र त्यात काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: मूल थोडा वेळ एका जागी बसू शकतं, मदत मागू शकतं, चुकलं तर कोसळून न जाता पुन्हा प्रयत्न करू शकतं.

ज्याला हेच जमत नाही, त्याचं काय? संगोपन गट या प्रश्नातून आला. १९६०च्या दशकाच्या अखेरीस मार्जरी बॉक्सॉल या लंडनच्या हॅकनी भागात शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करत होत्या. शाळेत नुकतीच आलेली कितीतरी मुलं अंगावर धावून जात, नाहीतर कुणाशीच बोलत नसत. त्यांना विशेष शाळेत किंवा बालमार्गदर्शन केंद्रात पाठवण्याकडे कल असे. बॉक्सॉल यांना वेगळंच दिसलं. मायेच्या माणसाजवळ पहिल्या वर्षांत जे आपसूक घडतं, ते या मुलांच्या वाट्याला पुरेसं आलेलं नव्हतं. मग ते शाळेतच का देऊ नये? मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातल्या बंधाबद्दल ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जे मांडलं होतं, त्याचा आधार या कामाला मिळाला.

म्हणून या गटाच्या खोलीत बाकांच्या रांगा नसतात. बसायला सोफा, छोटंसं स्वयंपाकघर, जेवणाचं टेबल. मुलं साधारण सहा ते बारा, आणि मोठी माणसं नेहमी दोन: एक शिक्षिका, एक सहायक. दुसरं माणूस केवळ मदतीला नसतं. दोन मोठी माणसं एकमेकांना विचारतात, कधी त्यांचं मत जुळत नाही, तरी आवाज चढत नाही, हे काही मुलं इथे पहिल्यांदाच पाहतात.

आणि सोबत बसून खाणं. बाहेरच्याला हा वेळेचा अपव्यय वाटतो. माझ्या मते तो इथला सगळ्यात महत्त्वाचा तास आहे. ताट पुढे सरकवायचं, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, 'अजून हवंय का?' हे शेजाऱ्याला विचारायचं. आपल्या वाट्याचं संपणार नाही, याचा भरवसा काही मुलांना कित्येक आठवडे येत नाही. तो आला की गणिताच्या तासालाही थांबणं जमू लागतं. वाचन आणि अंकगणित इथेही असतंच, पण मूल विकासाच्या ज्या टप्प्यावर उभं आहे तिथून. वय किंवा इयत्ता पाहून नाही.

वही फाडण्याचंच उदाहरण घ्या. उपचारात्मक वर्गात शिक्षक पाहतील की गणित फार अवघड दिलं का. संगोपन गटात वागणं ही मुलाची भाषा मानतात, त्यामुळे प्रश्न असा येतो: हा आत्ता काय सांगतोय? आज इथून परत मोठ्या वर्गात जायचंय, याची तर धास्ती नाही?

कारण परत जायचं असतंच. मुलाचं नाव त्याच्या मूळ वर्गाच्या हजेरीपटावर राहतं, दिवसाचा काही भाग ते तिथेच असतं, आणि बहुतेक मुलं दोन ते चार सत्रांत पूर्णपणे तिथे परततात. प्रगती मोजायला परीक्षेचे गुण नसतात. मुलाला रोज पाहणारी मोठी माणसं निरीक्षणातून बॉक्सॉल प्रोफाइल, म्हणजे मुलाच्या वागण्याची आणि विकासाची प्रश्नावली, भरतात.

आता घोळ कुठे होतो ते पाहा. निकालाची घाई झाली की खाण्याचा वेळ काढून तिथे सरावपत्रिका येतात, किंवा 'आज दंगा केलास, गटात जायचं नाही' अशी शिक्षा होते. ज्या आधारासाठी मूल तिथे आलं, तोच काढून घेतला जातो.

उलटी चूकही तितकीच वाईट. एखाद्याला अक्षरं नीट दिसत नाहीत किंवा डिस्लेक्सिया आहे, आणि रोजच्या फजितीने ते चिडतंय. त्याला नुसती माया देऊन भागणार नाही. आधी डोळे तपासा, मग वाचायला नीट शिकवा. काही मुलांना दोन्ही लागतं. तेव्हा मी आधी संगोपन गट निवडेन, कारण घाबरलेल्या मुलाच्या डोक्यात जोडाक्षरं शिरत नाहीत.

शाळेने 'लहान गटात घेतोय' असं कळवलं, तर पालकांनी बेधडक विचारावं: तिथे मोठी माणसं किती? उद्या आणि पुढच्या महिन्यात तीच असतील का? ती मुलांसोबत बसून खातात का?