लॅमिनेशनच्या आतही कागद तुटतच असतो

2023 पासून कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्यांमधून खरेदीखते, वंशावळी, मोडीतली जुनी टिपणे बाहेर आली. कागद विरलेला दिसला की पुष्कळ लोक झेरॉक्सच्या दुकानात जाऊन तो लॅमिनेट करून घेतात. मुळीच करू नका.

आधी एक विरोधाभास पाहू. पेशवाईतला जुन्नरी किंवा दौलताबादी कागद अजून घडी सोसतो. 1950 च्या सुमाराच्या पावतीचा कोपरा मात्र हात लावताच तुटतो. पूर्वीचे कागदी, म्हणजे हाताने कागद करणारे कारागीर, चिंध्या आणि ताग चुन्यात मुरवून कुटत, कागदाला खळ लावत आणि गुळगुळीत दगडाने घोटत. त्या चुन्याचा अंश कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने कागदात उरला. आम्ल आले की ते तिथल्या तिथे जिरवतो. पुढे 1807 मध्ये जर्मनीत इलिग नावाच्या कारागिराने शाई फुटू नये म्हणून राळ आणि तुरटी लगद्यातच मिसळायची युक्ती काढली. 1844 मध्ये केलर नावाच्या जर्मन विणकराने लाकूड दळून लगदा केला. कागद स्वस्त झाला, पण तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियममुळे तो जन्मतःच आम्लधर्मी झाला. अशा कागदाचा पीएच 4 ते 5 च्या आसपास असतो (7 म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल).

आता खरी गंमत. कागद म्हणजे सेल्युलोजचे तंतू, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या हजारो कड्यांची सरळ साखळी. दोन कड्यांना एक ऑक्सिजन अणू जोडतो. आम्लातला हायड्रोजन आयन या ऑक्सिजनला चिकटतो, बंध ढिला पडून तुटतो, तुटलेल्या टोकाशी पाण्याचा एक रेणू जोडला जातो आणि हायड्रोजन आयन पुन्हा मोकळा होतो. म्हणजे आम्ल खर्चच होत नाही. तेच पुढचा बंध तोडायला हजर. शिवाय कागद जुना होताना त्यातच फॉर्मिक आणि अ‍ॅसिटिक आम्ल तयार होते, त्यामुळे वेग वाढत जातो.

हिशेब करून पाहा. 1000 कड्यांची साखळी चार ठिकाणी तुटली की 200 कड्यांचे पाच तुकडे होतात. 999 पैकी चार बंध, म्हणजे अर्धा टक्कादेखील नाही. वजन तेच, अक्षरे तीच. पण सरासरी लांबी 200-250 कड्यांवर आली की कागद घडीवर मोडतो. इतक्या थोड्या तोडफोडीत एवढे नुकसान होते, कारण तंतूत काही भाग स्फटिकासारखे घट्ट रचलेले असतात, तर काही विस्कळीत. पाणी आणि आम्ल विस्कळीत भागातच शिरते, आणि वाकण्याची लवचिकता नेमकी तिथेच असते. घट्ट भाग शाबूत राहतात, त्यांना सांधणारे दुवे जातात. वर्तमानपत्र पिवळे पडते ती भानगड निराळी: लाकडातले लिग्निन उजेडात आणि हवेत ऑक्सिडीकरण होऊन रंग बदलते. पिवळेपणा आणि ठिसूळपणा बरेचदा एकत्र दिसतात, एवढेच.

लॅमिनेशनने यातले काहीच थांबत नाही. आम्ल आत, ओलावा आत, बाहेर पडू पाहणारी वायुरूप आम्लेही आतच. वर गरम गोंद तंतूंत शिरतो, तो मूळ कागद न फाडता निघत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात एकेकाळी सेल्युलोज अ‍ॅसिटेटची फिल्म आणि टिश्यू अ‍ॅसिटोनने चिकटवत. ती पद्धत तज्ज्ञांची होती, तरी अ‍ॅसिटेट स्वतःच कालांतराने अ‍ॅसिटिक आम्ल सोडते.

पेटीत मोरपीस ठेवले की कसर लागत नाही, हा समजही सोडा. पीस केराटिनचे असते, आणि केराटिनवर ताव मारणारे भुंगेरे असतात. आपण त्यांना आमंत्रणच देतो.

करायचे ते असे. गंजक्या टाचण्या, स्टेपल काढा. लोखंडाच्या गंजाने ऑक्सिडीकरणाला चालना मिळते. सेलोटेप लावू नका. मऊ कोरड्या ब्रशने मधून कडेकडे धूळ झटका. कागद घडी उलगडून सपाट ठेवा. पॉलिएस्टरचे पारदर्शक पाकीट वापरलेत तर दोन बाजू उघड्या ठेवा आणि मागे अल्कधर्मी कागद घाला. आजचा बराचसा कॉपिअर कागद तसा असतो: कोऱ्या तुकड्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यावर बुडबुडे आले तर त्यात कॅल्शियम कार्बोनेट आहे. तापमान 5 अंशांनी उतरले तर कागदाचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते, म्हणून पत्र्याखालचा माळा ही सर्वांत वाईट जागा. आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर टिकली तर बुरशी धरते. कोकणात पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा.

आम्ल घालवायला संवर्धक कागद मॅग्नेशियम बायकार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात. हा घरी करायचा उद्योग नव्हे. मोडीची काजळाची शाई उजेडाने उडत नाही, पण ती डिंकात कालवलेली असते. ओली झाली की पसरू शकते. म्हणून तेही आधी एका अक्षराच्या टोकाला पाण्याचा थेंब लावून, टीपकागद दाबून रंग उतरतो का ते पाहतात.