कॉड की हॅडक, आणि तळलंय कशात?

इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावात बंदराच्या कडेने चालायला लागलं की तळणाचा वास आधी येतो, समुद्र नंतर दिसतो. ‘फिश अँड चिप्स’च्या दुकानातल्या पाटीवर दोन नावं शेजारी-शेजारी असतात: कॉड आणि हॅडक. दोन्ही मासे पांढरे, दोन्ही पिठात बुडवून तळलेले आणि बटाट्याच्या जाड, तळलेल्या फोडींच्या म्हणजे चिप्सच्या ढिगावर आडवे टाकलेले. तळून आल्यावर नुसतं बघून कोणता कोणता ते सांगणं अवघडच.

कच्चा, अख्खा मासा समोर असेल तर मात्र फसायला होत नाही. दोघे एकाच कुळातले आणि उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातले. हॅडकच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत काळी रेघ असते आणि कल्ल्यामागच्या पराच्या वर अंगठा टेकवल्यासारखा काळा डाग. येशूचा कोळी शिष्य सेंट पीटर याने मासा चिमटीत धरला, त्याच्या बोटाचा हा ठसा, अशी दंतकथा आहे. (पीटर जाळं टाकायचा ते गालीलचं सरोवर गोड्या पाण्याचं. तिथे हॅडक कुठून यायचा?) कॉडची रेघ फिकट, अंग हिरवट-तपकिरी आणि ठिपक्याठिपक्यांचं, हनुवटीखाली मिशीसारखा लोंबता धागा. हा धागा हॅडकलाही असतो, पण इतका इवलासा की शोधावा लागतो.

खाताना फरक कळतो तो तुकडी मोडल्यावर. कॉड जाड असतो. त्याच्या मोठ्या, ओलसर पाकळ्या सुटतात आणि चव सौम्य लागते. हॅडकची तुकडी पातळ, पाकळ्या बारीक, चव किंचित गोडसर. नाव ऐकून आपल्याला हाडूक आठवतं, पण दोन्हींत काटे काढलेलेच असतात. लहान मुलांना देताना एकदा बोटाने चाचपलं की झालं. तेल साधारण १८० अंशांवर असलं तर पातळ हॅडक चटकन होतो, जाड कॉडला दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. घाईत काढलेला कॉड मधोमध काचेसारखा अर्धपारदर्शक राहतो. तसा आला तर निमूट खाऊ नका, परत द्या. हॅडकचं उलट: जास्त वेळ राहिला की कोरडा पडतो.

यॉर्कशरमध्ये हॅडकचा मान मोठा, आणि तो सहसा कातडी काढूनच तळतात. दक्षिणेकडे कॉड जास्त चालतो, बरेचदा एका बाजूला कातडी ठेवून. आवरणाखाली करडा पापुद्रा दिसला तर मासा खराब नाही, ती कातडी आहे. कातडी ओली राहिली की त्या बाजूचं आवरण सुटून येतं. म्हणून चांगला तळणारा मासा टिपून, कोरड्या पिठात घोळवून मगच पातळ पिठात बुडवतो.

आमच्या मते मात्र माशापेक्षा मोठा प्रश्न कढईतला आहे. यॉर्कशरमधली बरीच जुनी दुकानं तेलात नाही, बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गाईबैलांच्या वितळवलेल्या चरबीत तळतात. आवरण त्यात खमंग, कुरकुरीत होतं आणि गार झालं की चरबी थिजून टाळूला चिकटते. गोमांस न खाणाऱ्याने मासा सोडून नुसत्या चिप्स घेतल्या तरी सुटका नाही, कारण त्याही त्याच चरबीत पडतात. पाटीवर लिहिलेलं नसेल तर सरळ विचारा, ‘व्हॉट डू यू फ्राय इन?’ रोजचाच प्रश्न आहे, कुणी वाईट वाटून घेत नाही. उत्तर ‘व्हेजिटेबल ऑइल’ आलं आणि तुम्ही पक्के शाकाहारी असाल, तर चिप्सची कढई वेगळी आहे का, हेही विचारून घ्या.

‘ताजा’ या शब्दावर फार भाळू नका. व्हिटबीच्या बंदरात आज उतरतात ते मुख्यतः खेकडे आणि लॉबस्टर. दुकानातला पांढरा मासा बहुधा नॉर्वे-आइसलँडकडच्या समुद्रातला, पकडल्यावर काही तासांत बोटीवरच गोठवलेला असतो. त्यात कमीपणा नाही. बर्फावर चार दिवस काढलेल्या ‘ताज्या’पेक्षा तो बरा.

एक पूर्ण ताट दोघांना पुरतं. सोबतचे मशी पीज म्हणजे फोडणी द्यायची राहून गेलेली वाटाण्याची उसळ: मोठे वाळके वाटाणे रात्रभर सोडा घालून भिजवायचे आणि मऊ होऊन फुटेपर्यंत शिजवायचे. चवीला मीठ आणि व्हिनेगर लागतंच. ‘स्क्रॅप्स’ मागितलेत तर कढईत सुटलेला पिठाचा चुरा मिळतो, बहुतेक वेळा फुकट.

१९९ पायऱ्या चढून ॲबीचे, म्हणजे जुन्या ख्रिस्ती मठाचे, अवशेष बघायचे असतील तर ते आधी उरका. ॲबी नदीच्या पूर्वेला, तळणाची बरीच दुकानं पश्चिमेला, आणि मधला पूल भरतीच्या सुमारास होड्यांसाठी उघडतो. तेवढ्या वेळात बंद डब्यातली वाफ आवरणाचा लगदा करून टाकते. डबा घेतलात की झाकण किलकिलं ठेवा आणि भिंतीला पाठ लावून बसा. व्हिटबीचे सीगल मागून येतात आणि कॉड-हॅडक असा भेद करत नाहीत.