गूज ब्रेक : जेम्स उपसागराकाठच्या क्री लोकांचा वसंत

कॅनडातील क्री या आदिवासी लोकांच्या वर्षात सहा ऋतू असतात. हिवाळा आणि उन्हाळा यांच्यामध्ये त्यांचे दोन ऋतू येतात : बर्फ विरघळू लागते तो 'सीक्वान' आणि नद्या मोकळ्या होतात तो 'मियोस्कमिन'. बोलीभाषेनुसार उच्चार थोडे बदलतात. उत्तरेकडे, हडसन उपसागराच्या दक्षिण टोकाला असलेल्या जेम्स उपसागराच्या काठी, एप्रिलमध्येही जमीन पांढरीच असते, त्यामुळे इथला वसंत फुलांवरून ओळखता येत नाही. तो पायांना आणि कानांना आधी कळतो.

पहाटे बर्फावर कडक पापुद्रा धरलेला असतो व त्यावरून बिनधास्त चालता येते. दुपारी त्याच जागी पाय गुडघ्यापर्यंत रुततो. म्हणून या दिवसांत प्रवास उजाडतानाच उरकतात. पुढे नदीवरचे बर्फ काळवंडते आणि काठालगत पाणी दिसू लागते.

मग आकाशातून 'निस्क' येतात. निस्क म्हणजे दक्षिणेकडून परतणारे कॅनडा गूज जातीचे रानहंस. चिसासिबीसारख्या गावांत तेव्हा शाळा व कचेऱ्या साधारण दोन आठवडे बंद राहतात आणि घरेच्या घरे रानातल्या तळांवर जातात. हाच 'गूज ब्रेक'. शिकारी तोंडाने हंसांची साद घालून थवा जवळ बोलावतात. अंधार पडल्यावर बंदूक चालवायची नाही, ही जुनी शिस्त आहे. पाखरे बिथरली तर ती जागाच सोडतील. केव्हा थांबायचे हे जाणत्या शिकाऱ्याच्या शब्दावर ठरते, आणि माझ्या मते या ऋतूचे खरे शहाणपण त्यातच आहे.

तंबूत हंस दोरीला टांगून विस्तवाशेजारी भाजतात. त्याला 'सागाबोन' म्हणतात. दोरीला पीळ दिला की हंस आपोआप फिरत राहतो, पीळ उलगडला की जवळचे कुणीतरी पुन्हा देते. खालच्या भांड्यात ठिबकणारी चरबी बॅनक नावाच्या भाकरीला लावून खातात.

बर्फ फुटण्याचा काळ मात्र जोखमीचा. मूस नदीतल्या मूस फॅक्टरी बेटावरून पलीकडच्या मूसोनीला हिवाळ्यात बर्फावरून आणि उन्हाळ्यात होडीने जातात. मधल्या दिवसांत हेलिकॉप्टरशिवाय मार्ग नसतो. ऑल्बनी नदीचे दक्षिणेकडचे वरचे पात्र आधी मोकळे होते, तर मुखाकडचे बर्फ तसेच असते. लाद्या अडकून पाणी तुंबते, आणि याच नदीकाठच्या कॅशेचेवानमधील लोकांना अनेक वसंतांत गाव सोडावे लागले आहे. ला ग्रांद नदीवरील जलविद्युत प्रकल्पानंतर हिवाळ्यातला प्रवाह वाढला, त्यामुळे चिसासिबीजवळ नदीचे बर्फ पूर्वीसारखे भरवशाचे राहिले नाही. किनाऱ्यावरचे ईलग्रास हे सागरी गवतही १९९० च्या दशकाच्या अखेरीस खूप घटले. हे गवत हंसांचे खाद्य असल्याने शिकाऱ्यांना त्याची खंत मोठी आहे.

नुकत्याच चालू लागलेल्या बाळांना बाहेर पहिले पाऊल टाकायला लावण्याचा विधी बऱ्याचदा याच ऋतूत होतो. सूर्य उगवताना बाळ स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या डहाळ्यांवरून तंबूबाहेर पडते. मुलाच्या हाती लाकडी खेळण्यातली बंदूक असते, मुलीकडे छोटी कुऱ्हाड. झाडाला वळसा घालून ते परत येते, तेव्हा आत थोरली मंडळी वाट पाहत बसलेली असतात.