मराठवाड्यातील जुनी दफ्तरे : हस्तांतराचा इतिहास आणि जतनाचा प्रश्न

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीचे काम सुरू झाले आणि मराठवाड्यातील तहसील कार्यालये, भूमी अभिलेख खाते, दुय्यम निबंधक कार्यालये व शाळा यांमध्ये कुणबी नोंदींचा शोध घेतला जाऊ लागला. पहिल्या टप्प्यात पावणेदोन कोटींच्या आसपास नोंदी तपासल्या गेल्या आणि त्यांपैकी ११,५३० नोंदी कुणबी म्हणून मिळाल्याचे सरकारने जाहीर केले. मराठा आरक्षणाचा वाद हा या टिपणाचा विषय नाही. मात्र या शोधासाठी जी कागदपत्रे पाहायची ठरली, त्यांची नावेच बोलकी आहेत : खासरा पत्रक, पाहणी पत्रक, शेतवार पत्रक, पक्का बुक, वसुली बाकी, कुळ नोंदवही, १९५१ चे नागरिक रजिस्टर, गाव नमुना १४, शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर, इनामाचा मुंतखब (इनाम मंजूर केल्याचा हुकूम). एकाच भूभागावर किती प्रकारच्या राजवटींनी आणि किती भाषांतून कारभार केला, हे या नावांवरूनच कळते. दफ्तरांची आजची दुरवस्था समजून घ्यायची, तर वाळवी आणि गळक्या छपरांइतकाच या राजवटींच्या हस्तांतराचाही विचार करावा लागतो.

मोगल काळात औरंगाबाद हे दख्खनच्या कारभाराचे केंद्र होते. शहाजहान आणि औरंगजेब यांच्या काळातील फारसी कागदांचा मोठा साठा येथेच तयार झाला. पुढे तो हैदराबादला नेण्यात आला आणि दीड लाखाच्या आसपास असलेले हे कागद आज तेलंगणाच्या अभिलेखागारात आहेत. दौलताबाद आणि खुलदाबादच्या मध्ये असलेल्या कागजीपुऱ्यात चिंध्यांपासून हातकागद बनवण्याची परंपरा आहे. असा चिंध्यांचा कागद तीनशे वर्षांनंतरही बऱ्यापैकी लवचीक राहतो. उलट शंभर वर्षांपूर्वीच्या गिरणीच्या कागदाची घडी उघडताना तिचा तुकडा हातात येतो. जुने तेवढे नाजूक, हा समज अभिलेख कक्षात पहिल्याच दिवशी गळून पडतो.

गावपातळीवरची गोष्ट वेगळी होती. कुलकर्णी, देशपांडे, देशमुख हे वतनदार हिशेब मोडी लिपीत ठेवत आणि ते दफ्तर बहुतांशी त्यांच्या वाड्यातच राही. सरकारी कागद आणि घरचा कागद अशी काटेकोर वाटणी तेव्हा नव्हती. पहिल्या सालारजंगांनी १८५३ मध्ये दिवाणपद हाती घेतल्यावर हैदराबाद संस्थानाच्या कारभाराची नव्याने घडी बसवली. १८६५ च्या जिल्हाबंदीने, म्हणजे मुलखाच्या जिल्हावार रचनेने, तालुकदार, तहसीलदार अशी उतरंड आली आणि त्यानंतर मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमीनमोजणी व आकारणी सुरू झाली. सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि आकार यांची पद्धतशीर नोंद तिथून पुढे मिळते. वरच्या कचेऱ्यांची भाषा आधी फारसी होती, १८८४ च्या सुमारास तिची जागा उर्दूने घेतली. खाली पटवाऱ्याचे लेखन मात्र मोडी-मराठीत चालत राहिले. त्यामुळे एकाच शेताचा कागद गावात एका लिपीत आणि तालुक्याला दुसऱ्या लिपीत, अशी स्थिती अनेक दशके राहिली.

त्यातच सगळा मुलूख एका खात्याखाली नव्हता. सरकारच्या थेट अमलातला दिवाणी मुलूख, निजामाच्या खासगी खर्चासाठी राखलेला सर्फ-ए-खास आणि जहागिरी-पायगा (मोठ्या सरदार घराण्यांचे मुलूख) यांचा कारभार वेगवेगळा चाले. जहागीरदाराचे दफ्तर त्याच्या कारभाऱ्याकडे असे. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या आणि सर्फ-ए-खासही सरकारी मुलखात विलीन झाले, तेव्हा ही दफ्तरे सरकारकडे यायला हवी होती. वसुलीसाठी लागणारे कागद आलेही. मात्र वसुलीशी संबंध नसलेल्या कागदांत सरकारला फारसा रस नव्हता आणि जहागीरदाराला ते देण्याची घाई नव्हती.

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा उल्लेख या विषयात सहसा केला जात नाही, तो करायला हवा. सरहद्दीवरच्या छावण्यांतून चाललेल्या लढ्यात करोडगिरी (जकात) नाके उद्ध्वस्त करणे, शिंदीची झाडे तोडणे आणि पाटील-पटवाऱ्यांची दफ्तरे जाळणे हा कार्यक्रमाचाच भाग होता. सारा वसूल करणारी यंत्रणा बंद पाडायची, तर तिचे कागद नष्ट करणे ओघानेच आले. त्या काळाच्या दृष्टीने ते योग्यच होते, असे म्हणता येईल. पण त्याच कागदात कुळाचा कबजा, विहिरीतला हिस्सा आणि बांधाची हद्दही लिहिलेली होती. अशा गावांतली जुनी नोंद आज सापडत नाही म्हणून तलाठ्याला दोष देण्यात फारसा अर्थ नाही.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हक्कनोंदणीचा विनियम, १९५० चा कूळकायदा आणि पन्नाशीच्या दशकातली खासरा पत्रके असा नव्या नोंदींचा थर तयार झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. जिल्ह्यांचे कागद जिल्ह्यांत राहिले, पण त्यांच्यावरचा मंत्रालयीन पातळीचा पत्रव्यवहार हैदराबादेत राहिला. तेव्हापासून मराठवाड्याच्या कारभाराचा अर्धा धागा दुसऱ्या राज्याच्या राजधानीत आहे, आणि २०२३ मध्ये शोधपथकांना तिकडे जावे लागले ते त्यामुळेच. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि शाळा, दवाखाने, रस्ते यांच्या फायली तिकडे वळल्या. पुढे १९८१ मध्ये जालना, १९८२ मध्ये लातूर आणि १९९९ मध्ये हिंगोली हे जिल्हे वेगळे झाले. प्रत्येक विभाजनात गठ्ठे ट्रकमध्ये भरून नव्या इमारतीत गेले, काही जुन्या जिल्ह्यात राहिले आणि कोणता गठ्ठा कुठे गेला याची यादी सगळीकडे सारख्या काळजीने झाली नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तर पुनर्वसित गावांची गावठाणेच बदलली आणि घरांच्या नोंदी नव्या जागेवर नव्याने कराव्या लागल्या.

नियम नव्हते असे मात्र नाही. कागदाचे अ, ब, क, क-१ आणि ड असे वर्ग पाडायचे, ‘अ’ कायम ठेवायचा, ‘ब’ तीस वर्षे, ‘क’ दहा वर्षे, ‘क-१’ पाच वर्षे आणि ‘ड’ एक वर्ष, ही पद्धत प्रत्येक अव्वल कारकुनाला पाठ असते. शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी १९८० च्या दशकात दफ्तर लावण्याची जी रीत घालून दिली, तिचे अनुकरण राज्यभर झाले. २००५ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमही आला. अडचण वर्गीकरण करणाऱ्याच्या वाचनाची आहे. समोरचा कागद मोडीत किंवा शिकस्ता (घसटीच्या) उर्दूत असेल, तर तो ‘अ’ आहे की ‘ड’ हे ठरवणार कोण? मग तो कागद कोणत्याच वर्गात न जाता खालच्या फळीवर जातो, आणि ओल पहिल्यांदा खालच्याच फळीला लागते.

वाचता आले तरी खाचखळगे आहेतच. नोंदीवर ‘१३४३ फ.’ असे असते. ‘फ.’ म्हणजे फसली, महसुली सन. हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे ही नोंद १९३३-३४ ची. वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्याने सुरू होते. आकाराची रक्कम हाली सिक्क्यात, म्हणजे हैदराबाद संस्थानाच्या नाण्यात, असते. तिला कलदार (ब्रिटिश) रुपया समजले की हिशेब चुकतो. नक्कल काढणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर मूळ कागद सुरक्षित असूनही प्रत चुकीची निघते आणि न्यायालयात तीच चालते.

भौतिक नुकसानीची कारणे सर्वांना माहीत आहेत : कसर, वाळवी, उंदीर, पावसाळ्यातली ओल आणि उन्हाळ्यातला कोरडेपणा. लाल रुमालात बांधून वेखंडाचे तुकडे ठेवणारे जुने दफ्तरदार किड्यांचा बंदोबस्त बऱ्यापैकी करत. त्यामानाने अलीकडचे उपायच जास्त घातक ठरले आहेत. फाटलेल्या पानावर चिकटपट्टी लावली की काही वर्षांत तिचा गोंद पिवळा पडून अक्षरात मुरतो, आणि पट्टी काढताना शाई तिच्यासोबत निघते. घट्ट शिलाईने बांधलेल्या बाडाची आतली ओळ स्कॅनरखाली येत नाही, म्हणून शिलाई उसवली जाते आणि पानांचा क्रम हरवतो. पातळ टिश्यू कागद आणि पिठाची खळ यांनी केलेली दुरुस्ती संथ असते, पण ती पुन्हा सोडवता येते.

स्कॅनिंगमुळे मूळ कागदाची हाताळणी कमी झाली, हा मोठाच फायदा आहे. २०२३ नंतर मिळालेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवरही आल्या. मात्र ती सूची एकाच प्रश्नासाठी तयार झाली. ज्या पानावर कुणबी शब्द आहे ते पान वर आले. त्याच बाडातले पाणंद रस्ते, गायरान, तळी आणि इनाम जमिनी यांची सूची झालेली नाही. गायरानाच्या अतिक्रमणाचा किंवा देवस्थान इनामाचा वाद उभा राहील तेव्हा तोच रुमाल पुन्हा सोडावा लागेल, आणि मोडी-उर्दू वाचणारे जे जाणकार या वेळी मानधनावर बोलावले गेले त्यांतले बरेच जण तेव्हा उपलब्ध नसतील.