गाडीचा विमा घेताना कंपनी कशी पारखावी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लातूर येथील आमच्या गॅरेजमध्ये अपघातग्रस्त मोटारींची डेंटिंग, पेंटिंग आणि इंजिनची कामे होतात. आम्ही विमा विकत नाही. मात्र काही विमा कंपन्यांची कॅशलेस कामे, म्हणजे ज्यांचे पैसे कंपनी थेट गॅरेजला देते अशी, आमच्याकडे येतात, हे सुरुवातीलाच स्पष्ट करणे आम्हाला योग्य वाटते, आणि त्याच कारणाने या पत्रकात कोणत्याही कंपनीचे नाव घेतलेले नाही. नूतनीकरणाची तारीख जवळ आली की औसा, निलंगा, अहमदपूर, अंबाजोगाई अशा ठिकाणांहून ग्राहक दोन-तीन कोटेशन घेऊन येतात आणि यांपैकी कोणती कंपनी चांगली, असे विचारतात. बहुतेकांचा निर्णय कोटेशनच्या तळाशी असलेल्या सर्वांत लहान आकड्यावर होतो. आमच्या मते तो आकडा सर्वांत शेवटी पाहावा.

कोटेशनमधील थर्ड पार्टी विम्याचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा, भाग सर्व कंपन्यांकडे सारखाच असतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 146 नुसार हा विमा सक्तीचा असून त्याचा दर सरकार ठरवते. 1 जून 2022 रोजी लागू झालेल्या दरांप्रमाणे खासगी मोटारीला 1000 सीसीपर्यंत 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीपर्यंत 3,416 रुपये आणि त्यापुढे 7,897 रुपये वार्षिक हप्ता पडतो आणि त्यावर जीएसटी लागतो. या भागात एखादी कंपनी स्वस्त आहे असे कोणी सांगत असेल, तर त्यात तथ्य नाही. फरक पडतो तो आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, ज्याला सर्वजण ओडी म्हणतात. तेथेही आधी एक बारीकशी गोष्ट तपासावी. या हप्त्यासाठी पुणे, मुंबई यांसारखी आठ महानगरे झोन ए मध्ये आणि मराठवाड्यातील सर्व जिल्हे झोन बी मध्ये येतात, आणि झोन बी चा दर थोडा कमी असतो. एमएच 24 पासिंगच्या गाडीला चुकून झोन ए लावलेला नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

आयडीव्ही

आयडीव्ही म्हणजे विम्यासाठी मान्य केलेली गाडीची किंमत. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांपेक्षा अधिक झाला, तर या रकमेच्या आधारावरच भरपाई ठरते. गाडी बनविणाऱ्या कंपनीने जाहीर केलेल्या नव्या गाडीच्या किमतीतून वयानुसार घट धरली जाते : सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, एक वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, तीनपर्यंत 30, चारपर्यंत 40 आणि पाच वर्षांपर्यंत 50 टक्के. पाच वर्षांनंतर ही किंमत विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, आणि नेमक्या याच ठिकाणी स्वस्त कोटेशन तयार होते. आयडीव्ही साठ-सत्तर हजारांनी खाली आणली की हप्ता कमी दिसतो; फरक कळतो तो गाडी पूर्ण निकामी झाल्यावर. म्हणून दोन कोटेशनची तुलना करताना दोन्हींतील आयडीव्ही एकच करून मागावी, आणि स्वेच्छेने सोसावयाची रक्कमही, म्हणजे दाव्यात आपण स्वतः भरू असे मान्य केलेली रक्कम, तीच ठेवावी. तसे केल्यावर दोन कंपन्यांतील फरक पुष्कळदा बराच कमी होतो.

बिलातून काय वजा होते

आमच्या काउंटरवर सर्वांत जास्त नाराजी होते ती या मुद्द्यावरून. विमा आहे म्हणजे सर्व बिल कंपनी भरेल, असा समज असतो; प्रत्यक्षात साध्या पॉलिसीमध्ये सुट्या भागांवर घसारा, म्हणजे वापराने कमी झालेली किंमत, कापला जातो. प्लास्टिक, रबर, टायर, ट्यूब आणि बॅटरीवर 50 टक्के, फायबरवर 30 टक्के, काचेवर काहीही नाही, आणि लोखंडी पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे.

उदाहरणादाखल साडेचार वर्षे वयाची, 1200 सीसीची गाडी घेऊ. गळीत हंगामात रात्री, मागे लाल रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर ती आदळली. बंपर 8,000, बॉनेट 10,000, समोरची काच 7,000, पेंटिंग 12,000 आणि मजुरी 5,000, असे कर वगळता 42,000 रुपयांचे बिल झाले. बंपर प्लास्टिकचा, म्हणून 4,000 कापले जातील. चार ते पाच वर्षे वयाच्या गाडीच्या पत्र्यावर 35 टक्के घसारा, म्हणून बॉनेटचे 3,500 जातील. पेंटिंगच्या रकमेपैकी एक चतुर्थांश, म्हणजे 3,000 रुपये, रंगाचे साहित्य धरून त्याचे निम्मे, म्हणजे 1,500 कापले जातील. काच आणि मजुरी पूर्ण मिळेल. शेवटी 1500 सीसीपर्यंतच्या गाडीसाठी ठरलेली 1,000 रुपयांची सक्तीची कपात. ग्राहकाने स्वतः भरावयाची रक्कम 10,000 रुपये, कंपनीकडून 32,000. हीच गाडी झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणाऱ्या, पॉलिसीत असती, तर घसाऱ्याचे 9,000 वाचले असते. पाच वर्षांच्या आतील गाडीला झिरो डेप घ्यावे असे आम्ही आग्रहाने सांगतो. मात्र वर्षातून किती दावे त्यात चालतात आणि कूलंट, ऑइल, नट-बोल्ट यांसारखे किरकोळ साहित्य धरले आहे की नाही, हे कंपनीगणिक वेगळे असते आणि ते पॉलिसीच्या मजकुरातच वाचावे लागते.

पाणी आणि इंजिन

सप्टेंबर 2025 मधील अतिवृष्टीत धाराशिव, बीड, लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत नदी-ओढ्यांचे पाणी रस्त्यांवर आणि घरांच्या अंगणात आले, हे सर्वांनी पाहिले आहे. पुराने झालेले नुकसान सर्वसमावेशक (थर्ड पार्टी आणि ओडी दोन्ही असलेल्या) पॉलिसीत धरलेले असते, परंतु पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात सिलिंडरमध्ये पाणी ओढले गेले आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर ते नुकसान पुराचे नसून नंतरच्या कृतीचे आहे, असे म्हणून कंपनी नकार देऊ शकते. असे इंजिन उघडल्यावर रॉड वाकलेला स्पष्ट दिसतो. नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरलाही तो दिसतो. ज्यांचा रोजचा रस्ता मांजरा, तेरणा किंवा सीनेच्या काठाने जातो, त्यांनी इंजिन प्रोटेक्टचे जोडसंरक्षण घ्यावे, आणि ते घेतले असले तरीही पाण्यात बंद पडलेल्या गाडीला चावी लावू नये. फोटो काढावेत, कंपनीला कळवावे आणि टोचन लावून गाडी आणावी.

सेवा जवळ आहे का

कंपनीची खरी पारख येथे होते. कॅशलेस गॅरेजची संख्या देशभरात हजारोंनी असल्याची जाहिरात आपल्या उपयोगाची नाही. आपल्या तालुक्यापासून सर्वांत जवळचे गॅरेज किती किलोमीटरवर आहे, एवढाच प्रश्न उपयोगाचा आहे. काही कंपन्यांची बहुतेक गॅरेज छत्रपती संभाजीनगरात असतात, आणि हिंगोली किंवा किनवटच्या गाडीला तेथपर्यंत टोचनने न्यावयाचे झाले, तर मोफत टोचनची मर्यादा किती किलोमीटरची आहे, यावरच सगळे अवलंबून राहते. कंपनीच्या संकेतस्थळावर यादी असते. तरी त्यातील एका गॅरेजला फोन करून या कंपनीची कामे सध्या चालू आहेत का, हे विचारावे, कारण यादीत नाव राहते आणि काम मात्र बंद झालेले असते.

गॅरेजवाल्याला आणखी दोन गोष्टी विचारण्यासारख्या आहेत. एस्टिमेट पाठविल्यानंतर मंजुरी किती दिवसांत येते, आणि काम उघडल्यावर आतले आणखी नुकसान सापडले तर पुरवणी मंजुरी सहज मिळते की प्रत्येक वेळी अडवणूक होते. 50,000 रुपयांपेक्षा मोठ्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअर लागतो. तो लातूर-नांदेडचा आहे की दुसऱ्या विभागातून येतो, यावर गाडी किती दिवस उभी राहणार हे ठरते. या बाबतीत सरकारी कंपन्या वाईट आणि खासगी चांगल्या, किंवा उलट, असा सरसकट निष्कर्ष आम्ही काढू शकत नाही; एकाच कंपनीचा अनुभव दोन जिल्ह्यांत वेगळा येतो.

प्रत्येक विमा कंपनीला आपल्या संकेतस्थळावर दाव्यांची आणि तक्रारींची माहिती प्रसिद्ध करावी लागते. त्यात किती दावे किती काळ प्रलंबित आहेत, हा तक्ता पाहावा. हप्त्याच्या तुलनेत दाव्यांवर किती रक्कम खर्च झाली, याचे प्रमाणही असते, परंतु ते फार मोठे असणे हे चांगल्या सेवेचे प्रमाणपत्र नव्हे.

नो क्लेम बोनस

दावा न केलेल्या सलग वर्षांसाठी ओडी हप्त्यावर अनुक्रमे 20, 25, 35, 45 आणि 50 टक्के सवलत मिळते, आणि एक दावा केला की ती शून्यावर येते. सवलतीशिवाय ओडी हप्ता 10,000 रुपये असेल आणि आपण 50 टक्क्यांवर असाल, तर दाव्यानंतर पुढील पाच नूतनीकरणांत 5,000, 3,000, 2,500, 1,500 आणि 500, असे एकूण 12,500 रुपये अधिक भरावे लागतात. त्यामुळे पाच-सहा हजारांच्या ओरखड्यासाठी दावा करू नका, असे आम्ही स्वतःचे काम कमी करूनही सांगतो. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, म्हणून गाडी किंवा कंपनी बदलली तरी तो सोबत नेता येतो. मात्र पॉलिसी संपून 90 दिवस उलटले तर तो जातो. हप्ता कमी दाखविण्यासाठी कोणी मागील दावा लपवून अर्जात बोनस लिहीत असेल, तर सही करू नका. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे विचारणा करते आणि नेमका दाव्याच्या वेळी पैसा अडतो.

पांढऱ्या पाटीची गाडी तुळजापूर-पंढरपूरला भाड्याने नेणे, आरसी आणि पॉलिसीत नोंद नसलेले सीएनजी किंवा एलपीजी किट, मुदत संपलेला परवाना, आणि जुनी गाडी घेऊन पॉलिसी 14 दिवसांत स्वतःच्या नावावर न करणे : या कारणांनी कोणतीही कंपनी दावा अडवू शकते.

कंपनीने दावा अन्यायाने नाकारला, तर प्रथम तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. त्यासोबत विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा 155255 या क्रमांकावरही नोंद करता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे अर्ज करता येतो. मराठवाड्यासाठी त्यांचे कार्यालय पुण्यात आहे. शुल्क लागत नाही आणि वकिलाचीही गरज नसते. अर्जासोबत जोडण्यासाठी एस्टिमेट, काढलेल्या भागांचे फोटो आणि बिलाची प्रत आम्ही कोणत्याही ग्राहकाला विनामूल्य देतो. नूतनीकरणापूर्वी चालू पॉलिसी आणि नवी कोटेशन घेऊन गॅरेजमध्ये आलात, तर त्यांतील आयडीव्ही आणि कपातीचे रकाने आपल्यासोबत बसून तपासून देऊ.